आईच्या डोळ्यात काय टोचलं

"तुह्याच पेशी टाकल्या बाई डोळ्यात," आई फोनवर म्हणाली. "उजव्या. परवा."

मी तेव्हा बेंगळुरूच्या प्रयोगशाळेच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते. एक हातमोजा काढलेला, दुसरा तसाच. आईच्या आवाजात इतका आनंद होता की पहिल्यांदा मला काही कळलंच नाही.

"माझ्या म्हणजे कोणत्या?"

"तू उगवते न, गर्भातल्या. दुर्गमध्ये मिळून राहिल्या आता. पद्मनाभपुरात सेंटर उघडलं. तुले सरप्राइज द्याचं होतं."

दुर्गमध्ये मिळून राहिल्या. नवा चष्मा मिळावा तशा. मी विचारलं, दुखतंय का? थोडं दुखते, ती म्हणाली, लाल झाला आहे, पाणी येते. पण डॉक्टर म्हणतो पेशी काम करून राहिल्या.

मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता बाबांना घेऊन रायपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात जा. ती हसली. "तू आली की जाऊ," म्हणाली आणि फोन ठेवला. मी बाबांना लावला, ते उचलेनात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने मी रायपूरला उतरले.

मी काय काम करत होते ते आधी सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळणार नाही.

मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्यांचे भ्रूण प्रयोगशाळेत तयार करतात. त्यातले काही उरतात. ते टाकून द्यायचे, की संशोधनाला द्यायचे, हे त्या जोडप्याने ठरवायचं असतं, नीट समजून, लिहून. असा पाच-सहा दिवसांचा भ्रूण वाळूच्या कणाएवढाही नसतो. त्याच्या आतला पेशींचा पुंजका वेगळा काढून डिशमध्ये वाढवला, की त्याची सेल लाइन होते, तिला नाव मिळतं, आणि तिच्यातून शरीरातली जवळजवळ कोणतीही पेशी घडवता येते. येते, पण सहज नाही. या पेशी फार नाजूक. रोज त्यांचं खाद्य बदलावं लागतं. रविवार नाही, दिवाळी नाही, धम्मचक्र प्रवर्तन दिन नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पुंजका तपासायचा, ज्याच्या कडा विस्कटल्या तो सुईने खरवडून फेकायचा. साठवायच्या तर मिनिटाला एक अंश अशा गतीने गार करायच्या आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायच्या, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. एवढं करून परत बाहेर काढल्या की पुष्कळशा मरतात. उरलेल्यांची आठ-दहा दिवस मनधरणी करावी लागते.

माझं काम त्यांच्यापासून डोळ्याच्या पडद्यामागचा पातळ थर तयार करण्याचं होतं. महिनोन्महिने लागतात. आधी काही दिसत नाही, मग एक दिवस डिशमध्ये तपकिरी ठिपका दिसतो, मग तो काळा होतो, आणि मोठा करून पाहिला तर षट्कोनी फरशा बसवल्यासारख्या पेशी. मला त्या फार सुंदर वाटत. त्यानंतर गुणसूत्रं तपासायची, जंतू तपासायचे. आणि एवढं सगळं झाल्यावरही आम्ही त्या उंदरांच्या डोळ्यांत घालत होतो. माणसाच्या नाही. मान्यता मिळालेल्या चाचणीबाहेर माणसाला त्या टोचायची परवानगीच नाही.

हे काम मी निवडलं ते आईच्या डोळ्यांमुळे, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते पूर्ण खरं नाही. नोकरी मिळाली म्हणून निवडलं. पण आईची दृष्टी मधोमध जायला लागली तेव्हा ते खरं वाटायला लागलं.

आई लग्न होऊन भंडाऱ्याकडून छत्तीसगडात, दुर्गशेजारच्या भिलाईत आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर होते, आम्ही सेक्टरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथल्या प्रौढांच्या वर्गात ती तिशीत वाचायला शिकली, आणि अशी शिकली की पुढे वर्षावासात विहारातलं ग्रंथवाचन तिच्याकडेच आलं. तीन महिने, रोज संध्याकाळी. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही भिलाईतच कोहक्यात घर बांधलं, तिथल्या विहारातही तीच वाचायची. मग एका वर्षी तिला ओळीच्या मधली अक्षरं दिसेनाशी झाली. नंतर माणसांचे चेहरे. "तुहे कान दिसतात मले," ती म्हणायची, "तोंड नाही." डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजतो आहे, यावर इलाज नाही.

सुट्टीत घरी आले की मी तिला माझं काम समजावायची. एकदा त्या काळ्या फरशीसारख्या पेशींचा फोटो तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. ती डोळ्याच्या कोपऱ्याने तिरकी बघत बसली. "हे जातीन माह्या डोळ्यात?" मी म्हटलं, "एक दिवस जातील." विहारातल्या बायकांना तिने तो फोटो इतक्यांदा दाखवला की मला लाज वाटायची. माही पोरगी डोळे उगवते, असं सांगायची.

घरी पोचले तर आई पलंगावर बसलेली, डोळ्यावर कापूस. मी कापूस काढला. बुबुळाच्या खालच्या अर्ध्यात पांढरा पू साचलेला होता. पापणी सुजून जांभळी झालेली. आणि ती मला सांगत होती, "थोडा उजेड कमी वाटून राहिला, पण ते होतेच म्हणे."

"कोण म्हणे?"

"डॉक्टर. सकाळी फोन केला होता बाबानं. ते म्हणाले, थेंब टाका."

मी आले त्याच टॅक्सीने तिला रायपूरला नेलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, आत काय टोचलंय? मला डॉक्टरी भाषेत, त्यांना कळेल असं उत्तर देता यायला हवं होतं. इतकी वर्षं मी तेच शिकले होते. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी त्याच दुपारी ऑपरेशन केलं. डोळ्यातल्या पाण्यात जंतू निघाले. डोळा खोबणीत राहिला, नजर गेली. कडेची उरलेली नजरही. आता उजव्या डोळ्याला दिवस आणि रात्र कळत नाही.

तिला दवाखान्यात सोडून मी आणि बाबा दुर्गला, पद्मनाभपूरला गेलो.

औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ते सेंटर. काचेचं दार, थंडगार एसी, गुलाबी भिंती. समोरच्या भिंतीवर मोठी फ्रेम. मी आधी फ्रेमजवळून पुढे गेले, मग परत मागे आले. काळ्या षट्कोनी पेशी. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात डिशचा नंबर होता, माझ्या अक्षरात. मी पाचचा आकडा वरून मोकळा सोडते. तसाच होता.

आईने फोटो दाखवला असणार, त्यांनी मागितला असणार, आईने अभिमानाने पाठवला असणार. मी पाठवलेला फोटो मोठा करून, सोनेरी चौकट लावून, त्याच्याखाली लिहिलं होतं: हमारी लैब में विकसित.

डॉक्टर चाळिशीचा, गोरा, नम्र. मी कोण ते कळल्यावर उठून उभा राहिला. "अरे मैडम, आप तो अपने ही फील्ड की हैं! माताजी कैसी हैं?"

"आँख गई."

तो म्हणाला, "कभी-कभी बॉडी का रिएक्शन हो जाता है. सेल जिंदा होते हैं न."

"कौन सी सेल लाइन थी?"

"एम्ब्रायोनिक. ह्यूमन."

"वो तो किस्म हुई. लाइन का नाम पूछ रही हूँ."

"कंपनी से आती है. सर्टिफाइड है."

"निकालने के बाद कितनी जिंदा थीं? किसने देखा? माइक्रोस्कोप कहाँ है आपका?"

तो हसला. ते हसणं मी विसरणार नाही. "मैडम, आप रिसर्च वाले लोग कागज में फँसे रहते हो. यहाँ मरीज बैठा है, उसको आज चाहिए."

खोलीच्या कोपऱ्यात नायट्रोजनचा ॲल्युमिनियमचा कॅन होता, दुधाच्या मोठ्या कॅनसारखा, रुंद तोंडाचा. त्यावर निळी पट्टी आणि 'स्टेम सेल बैंक' अशी अक्षरं. येणाऱ्या पेशंटला नीट दिसेल असा ठेवलेला. मी जाऊन झाकण उचललं. खऱ्या कॅनचं झाकण उचललं की पांढरा धूर बाहेर सांडतो, चेहऱ्याला थंडी लागते. इथे काही नाही. ज्यात बोट गेलं तर ते लाकूड व्हावं, त्या कॅनमध्ये मी कोपरापर्यंत हात घातला. आत खोलीपेक्षा जरा गरमच होतं. तळाशी एक रबर बँड सापडला.

"इसमें तो अचार भी नहीं टिकेगा," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. एक म्हातारा होता, वॉकर धरलेला. एका बाईच्या कडेवर मान न धरणारं बाळ होतं. मी त्या कॅनचा फोटो काढला, रबर बँडचा काढला. डॉक्टर म्हणत होता, माताजींनी फॉर्मवर साइन केली आहे, आणि मेरी बेटी इसी लाइन में है, हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून तर आम्ही बाकीच्या पेशंटलाही सांगतो, कोहका की ही लड़की बेंगलुरु में यही काम करती है.

म्हणजे माझ्या नावावर माणसं येत होती.

मी त्याला मारलं नाही. का नाही मारलं, याचा मला अजून राग येतो. मी भिंतीवरची फ्रेम काढली आणि काखेत धरली. रिसेप्शनची मुलगी मागे धावली, "मैडम, वो सेंटर का है!" मी म्हटलं, "मेरा है." ऑटोत बाबांनी ती फ्रेम मांडीवर धरली. बरंच पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग टोचलं तरी काय त्यानं?"

"माहीत नाही, बाबा. मीठपाणी असेल. कोणाची चरबी असेल. घाण होती हे नक्की."

बाबा आयुष्यभर कोक ओव्हनच्या धगीत उभे राहिलेले. मी त्यांना रडताना तेव्हा पाहिलं.

आई घरी आल्यावर आमचं भांडण झालं. व्हायला नको होतं, पण झालं. मी म्हटलं, "कावून विचारलं नाही मले? एक फोन!"

"विचारलं असतं त थांब म्हणली असती. तीन वर्सं थांबच म्हणून राहिली तू."

"कारण चाचण्या व्हायच्या आहेत अजून, आई!"

"चाचणी, चाचणी. त्या चाचणीत माह्यं नाव येईन काय?"

येणार नव्हतं. अशा चाचण्यांत कोणाला घेतात, ते मी वाचलेलं होतं. तिची शुगर, तिचं वय, झीज जितकी पुढे गेली होती ते सगळं पाहता तिला कोणी घेणार नव्हतं. मला हे वर्षभरापासून माहीत होतं. तरी मी एक दिवस, एक दिवस म्हणत राहिले, कारण ते ऐकून तिला बरं वाटायचं आणि तिला बरं वाटलं की मला बरं वाटायचं.

ती माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होती. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळी. "म्हणजे नाही येणार," ती म्हणाली. "मग तू बी खोटंच बोलली न."

तिने त्या डॉक्टरच्या पंगतीला मला बसवलं, म्हणून माझं डोकं फिरलं. मी चपला घातल्या आणि कोहक्याच्या गल्ल्यांतून चालत सुटले. त्या माणसाचा राग, आईचा राग, देशातल्या सगळ्या कायद्यांचा राग. दोन तासांनी परत आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती, चाचपून. मी शेजारी बसून निवडायला लागले. माफी त्या दिवशी मागितली नाही. आठवड्याने मागितली. "आधी सांगाचं," एवढंच म्हणाली ती.

तक्रार द्यायला आम्ही तिघं दुर्गच्या आरोग्य कार्यालयात गेलो. बाबूने माझा अर्ज उलटापालटा केला. ही तक्रार कोणत्या कलमात बसते ते त्याला कळेना. मी मार्गदर्शक नियमांची पानं छापून नेली होती, ती त्याने बाजूला सरकवली. "मैडम, पेशंट ने साइन किया है न. सहमति है."

मी बोलणार तेवढ्यात आई उठली. काळा चष्मा काढला. "बाबू, मैं तीस साल की उमर में पढ़ना सीखी," ती म्हणाली. "अंगूठा लगाना मुझे अच्छा नहीं लगता था, इसलिए सीखी. उस आदमी ने मुझे अंग्रेजी का कागज दिया, चींटी जैसे अक्षर. मैं वहाँ क्यों गई थी? दिखता नहीं था इसलिए गई थी. जिसको दिखता नहीं, उससे पढ़ने के कागज पर साइन ली, और तू उसको सहमति बोलता है?"

अख्ख्या कार्यालयात टाइपिंग थांबलं. बाबूने अर्ज घेतला, शिक्का मारला, पोचपावती दिली.

त्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर आईने सगळ्यांना बसवून ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. फोटो आपणच दिला होता, हेही सांगितलं. शेजारची मावशी, जिने आईला त्या सेंटरचा पत्ता दिला होता, ती तिथेच भडकली. तिच्या नवऱ्याला लकवा होऊन गेला होता, त्यांना कमरेत इंजेक्शनं दिली होती. "ह्यायले त फायदा झाला," ती ओरडली. "बोटं हालून राहिली ह्यायची. तुले नाही गुण आला त दुसऱ्याचं कावून बिघडवतं?" तिचा नवरा, आमचे काका, खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. चार दिवसांनी ते एकटेच, वॉकर टेकत, आमच्या घरी आले. प्लास्टिकच्या पिशवीत सेंटरचे सगळे कागद. "बोटं आधीपासूनच हालत होती, पोरी," ते म्हणाले. "तिले वाईट वाटू नाही म्हणून मी म्हतलं." त्यांचे कागद जोडल्यावर आमचा अर्ज जरा जड झाला.

तपासणीला माणसं आली तेव्हा बरेच दिवस उलटले होते. कॅन गायब. पाटीवर केस आणि त्वचा. पण माझ्याकडे कॅनचे फोटो होते, फ्रेम होती, मूळ फोटोची प्रयोगशाळेतली नोंद होती, दोन पेशंटचे कागद होते. सेंटरला सील लागलं. डॉक्टरवर केस झाली, ती चालू आहे. तारखांना त्याचा वकील येतो, तो येत नाही. रिसेप्शनच्या त्या मुलीने एकदा मला मेसेज केला की सर आता दुसऱ्या जिल्ह्यात बसतात, नाव वेगळं आहे, मला पण बोलावलं होतं, मी गेले नाही. मी तो मेसेजही तक्रारीला जोडला. त्यावर अजून उत्तर नाही.

आई आता डाव्या डोळ्याच्या कडेने चालते. मी परत बेंगळुरूला आले आणि तेच काम करते आहे. लोक विचारतात, एवढं झाल्यावर कसं करवतं? मला हा प्रश्नच कळत नाही. पेशींनी काय केलं? कोणत्या तरी जोडप्याने विश्वासाने दिलेल्या भ्रूणातून त्या आल्या, आणि त्या आईच्या डोळ्यापर्यंत कधी पोचल्याच नाहीत. पोचलं ते त्यांचं फक्त नाव.

गेल्या महिन्यात भिलाईजवळच्या मरोद्याहून एका बाईचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कुणास ठाऊक. तिच्या मुलीला जन्मतःच मज्जातंतूंचा आजार आहे, वय सात. कोणीतरी रायपूरजवळचं एक सेंटर सांगितलं होतं, तिथे भ्रूणाच्या पेशी मिळतात म्हणे. मी तिला सगळं सांगितलं. ते तुला काय विचारतील, तू त्यांना काय विचार, कॅन उघडायला लाव, चाचणीचा नोंदणी नंबर माग. मग म्हटलं, यातलं काही विचारू नकोस, जाऊच नकोस. खरी वस्तू अजून नाही. तुझ्या मुलीसाठी आज नाही. एक दिवस वगैरे मी म्हटलं नाही.

ती म्हणाली, "तो दीदी, हम क्या करें?"

कुठल्या सरकारी रुग्णालयात न्यायचं, व्यायाम कोण शिकवेल, हे मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तिने लिहून घेतलं. थँक्यू म्हणाली. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी पूर्ण वेळ उभीच होते, आणि माझे दात इतके आवळलेले होते की जबडा दुखत होता.